श्रीधरचा पासवर्ड

स्नेहीजनहो, तीस वर्षे टाळलेले एक नाव आज दुपारी माझ्या तोंडून निघाले.

माझा मुलगा श्रीधर लातूरच्या एका शिकवणी वर्गाच्या कार्यालयातील संगणक सांभाळत असे. गेल्या महिन्यात तो अकाली गेला. आज त्याचा सहकारी सलीम कार्यालयातला लॅपटॉप घेऊन घरी आला. तिथल्या सर्व संगणकांत नवे सॉफ्टवेअर टाकायचे होते. परंतु त्यासाठी लागणारा, श्रीधरने ठेवलेला पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता.

"काका, जन्मतारीख झाली, तुमचं नाव झालं. खुलंना बघा."

दुसरे काही सुचेना, म्हणून मी म्हणालो, "कावेरी टाकून पाहा."

"खुललं की! कोण हो ह्या?"

"त्याची आई."

भूकंपात ती गेली तेव्हा श्रीधर चार वर्षांचा होता. लेकरू रडेल म्हणून मी घरात तिचे नाव काढणेच सोडले. रोज देवाची सहस्र नामे घेतली, हे एक मात्र गिळले. तो तिला विसरला, असेच समजत राहिलो.

"आता नवा पासवर्ड ठेवावा लागतो, काका. हा पुसू का?"

मी होकाराची मान हलवली; ते नाव आता लपवून ठेवायचे नव्हते.

एकाच छताखाली आम्ही दोघे तिच्यासाठी वेगवेगळे झुरलो. तुमच्याही घरात असे न उच्चारलेले नाव असेल, तर आज मुलांसमोर घ्याल का?