लवूदादाच्या दोन गटाऱ्या

आमच्या लवूदादाला मासे विकायला बाजारातल्या बायका कंटाळायच्या. घासाघीस करतो म्हणून नाही, हात लावतो म्हणून. कल्ला उघडून बघणार, डोळ्यात डोळा घालणार, आणि शेवटी अंगठ्याने पोट दाबणार. आत गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, लागली की ह्याचा चेहरा असा खुलायचा की काय सांगू! सुलक्षणा वहिनीला दोन पोरं झाली, तेव्हासुद्धा मी त्याचा तो चेहरा पाहिला नाही. मी त्याची सख्खी बहीण नलिनी, बोरिवलीच्या चाळीत त्याच्या शेजारच्याच खोलीत राहते. मला खोटं बोलायचं कारण नाही.

लवू परब एके काळी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संप झाला, गिरणी गेली, आणि इकडेतिकडे धडपडून तो चारकोपला प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळायला लागला. तिथे त्याला कोणी परब म्हणायचं नाही. 'ए गोदाम' म्हणायचे. अशा माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. दादाकडे मासे होते, आणि वर्षातून एक दिवस मान होता.

तो मान द्यायची गोराईची सुगंधा कोळीण. पंधरा वर्षं ती डोक्यावर पाटी घेऊन आमच्या चाळीत येत होती. पावसाळ्यात त्यांच्या गावच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की त्या सुटायच्या, आणि पहिल्या फेरीतला पहिला मासा सुगंधा फुकट दादाच्या हातात ठेवायची. "जुना गिऱ्हाईक, जानकार मानूस," असं चार बायकांत म्हणायची. दादा तो मासा ताटात घालून अख्ख्या चाळीला दाखवून यायचा, जसा काही स्वतःच पोहून पकडला. मी हसायचे, पण पदराआड. गिरणीने हाकलल्यापासून जगात एवढ्या एकाच ठिकाणी त्याला किंमत होती.

पंच्याऐंशी साली श्रावण दोन आले, आधी अधिक आणि मग खरा. आषाढाच्या अमावास्येला दादाने रीतसर गटारी केली, कोंबडी हाणली, आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "अधिक महिनो मोजूचो नसता. खरो श्रावण अजून महिन्यान येतलो. म्हणजे गटारी परत एकदा." पंचांग त्याने जन्मात ह्या एकाच कामासाठी उघडलं असेल.

तोच अधिक महिना सुगंधाच्या मुळावर आला होता. तिची नारळी पौर्णिमा महिनाभर पुढे गेली. होडी वाळूत, नवरा घरात, आणि ही पायात चिखल घेऊन दारोदार सुके बोंबील विकतेय. तरी त्यांच्या गावचं एक माणूस समुद्रात उतरलं नाही. एकाच महिन्यात हिला उपास आणि आमच्या दादाला दोन मेजवान्या. देवाचा कारभार असाच असतो.

बरं, दुसरी गटारी मुकाट्याने घरात केली असती तर मी गप्प बसले असते. पण ह्याने कारखान्याचे मॅनेजर भाऊराव ह्यांना आवतण दिलं. "पंधरा ऑगस्टला जेवायला या साहेब. काय आहे ते सांगत नाही, बोटं चाटाल." गाभोळी खाऊन साहेब त्याला परब म्हणायला लागतील, असा ह्याचा हिशेब. मग सुगंधाला दारात गाठून म्हणाला, ताजी पापलेटं आण, पण पोटं भरलेलीच हवीत.

तिने पाटी खाली ठेवली. "लवू, ह्या दिसांत म्हावरं पोटुशी असतं. त्याला आमी हात लावत नाय."

"बाजारात ढीग पडलेत ते?"

"ते ट्रॉलरवाल्यांचे. बारीक डोळ्याचं जाळं लावून तळ खरवडतात. आई पन नेतात नि पोर पन."

"माका मासे शिकवतंस?" दादा म्हणाला. "तुझो दर्यो काय सहा पापलेटांनी आटतलो?"

"तू एकटा असतास तर आटला नसता. पन गटारीवाले गल्लोगल्ली बसलेत, तुमच्यासाठीच तर ते जातात." तिने पाटी उचलली. "ह्या दिसांत गाभोळी आनलीस तर पुनवेनंतर माझ्या हातचं पहिलं म्हावरं तुला नाय. सांगून ठेवते."

दोन दिवस दादाने पापलेटांचं नाव काढलं नाही. मला वाटलं, धसका घेतला. कसला धसका! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदनाला जातो म्हणून निघाला, तो गोराईच्या बायका जिथे फिरकत नाहीत असल्या लांबच्या बाजारातून परत आला. छातीवर कागदी झेंडा, पिशवीत सहा पापलेटं. पोटं टरारलेली.

वहिनीने दुपारपर्यंत चुलीपुढे घाम गाळला. भाऊराव आले, पाटावर बसले, आणि ताट बघून त्यांनी हात मागे घेतला.

"परब, अहो अधिक महिना चाललाय. आमच्याकडे अधिकातही चालत नाही. आणि आज गुरुवार."

बघा, परब म्हणाले तर खरे. पुढे साहेबांनी पापलेटांकडे पाठ फिरवून वरणभात आणि लिंबाचं लोणचं खाल्लं, वहिनीच्या वरणाचं कौतुक केलं आणि निघून गेले. गोदामातल्या बादलीला कडी असते, तेवढाही आधार दादाच्या चेहऱ्याला उरला नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून खाऊन खाऊन किती खाणार? फ्रिज आमच्या सात पिढ्यांत नाही. संध्याकाळपर्यंत वास सुटला आणि निम्मी गाभोळी चाळीच्या कचऱ्याच्या पिंपात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा आली ती त्या पिंपाशीच थांबली. वाकून बघितलं, काडीने ती अंडी जरा हलवली.

"कोनाचं गं हे?" तिने मला विचारलं.

"मांजराने कुठून तरी ओढून आणलं असेल," मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. भाऊ आहे शेवटी.

तिने दादाच्या दाराकडे पाहिलं. "मांजर बरंच मोठं दिसतंय," म्हणाली आणि त्या दिवशी एकही बोंबील न विकता गेली.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या सुटल्या. तिसऱ्या दिवशी दादा पहाटे उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभा. कामावर दांडी. तिने पिंपात पाहिलंच नसेल, असं मला चारदा म्हणाला. मी चारही वेळा हो म्हटलं. मला त्याचा राग येत होता आणि कीवही.

सुगंधा आली. पाटी हलकी होती, जिना चढताना तिने ती एका हाताने धरली होती. सरळ दादाच्या दाराशी आली, फडकं बाजूला केलं आणि एक पापलेट काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. विड्याच्या पानाएवढं.

"शब्द मोडते मी," ती म्हणाली. "मान तुझाच. एवढ्या पाटीत हाच मोठा."

दादा म्हणाला, "ह्या तर पिल्लू आसा गे."

"त्याची आई तू पिंपात टाकलीस."

एवढं बोलून ती पुढच्या दाराला गेली. आणि काय सांगू, इतक्या वर्षांची सवय, दादाचा अंगठा आपोआप त्या माशाच्या पोटावर गेला. दाबण्याजोगं तिथे काही नव्हतं. त्या दिवशी दादा ताट घेऊन चाळीत फिरला नाही.