जावयाच्या हातातली डबी

अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्याच्या पोटाची आमच्या अकोल्याच्या थोरल्या साडूंइतकी काळजी करणारा माणूस मिळणार नाही. मी वाढवून बोलणाऱ्यांतला नाही, तरी हे लिहून द्यायला तयार आहे. लोक भेटल्यावर पाऊसपाणी विचारतात, साडू विचारतात, "पोट साफ हाय ना?" समोरचा जरा कुरकुरला, की पिशवीतून प्लास्टिकची पांढऱ्या झाकणाची डबी निघालीच. "स्टूल टेस्ट करा आधी. आत कोनता जंतू हाय हे मालूम नाई, अन् गोळ्या कावून खाऊन राहिले?" बार्शीटाकळीच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाने मठ्ठा नको म्हटला, एवढ्यावरून साडूंनी त्याला मांडवाच्या कोपऱ्यात नेऊन डबी दिली. मामा तिला आहेर समजून आभार मानत राहिला. घरात अशा कोऱ्या डब्यांचा साठा इतका, की माझ्या मेहुणीने त्यांत लवंगा आणि वेलदोडे भरून ठेवले आहेत. त्या घरचा वेलदोड्याचा चहा पाहुणे सहसा घेत नाहीत.

हे सगळं हसण्यावारी जात असे, पण एकदा गोष्ट सासूबाईंच्या जिवावर बेतली. आमचं दोघांचं सासर अंजनगाव सुर्जीचं. सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायच्या नाहीत, बोलायच्या त्याही दाराआडून. त्यांना जुलाब सुरू झाले. मेहुणा मेडिकलमधून गोळ्या आणी, दोन दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली, तर लेकींना म्हणाल्या, "मेली तरी चालन, पन ते डबीत नाई देनार." लेकी समजावून थकल्या. तिथे जावयाने तोंड उघडणं म्हणजे मर्यादा सोडणं.

साडूंनी ती सोडली. आम्ही दोघे भेटायला गेलो, पाटावर बसलो, पुरणपोळी वाढली गेली. साडूंनी ताट पुढे सरकवलं आणि दाराकडे पाहून सासूबाईंना खणखणीत आवाजात म्हणाले, "मामीजी, डबी भेटल्याशिवाय मी जेवत नाई." मी दुसऱ्या पोळीवर होतो, घास तसाच राहिला. मेहुणा म्हणाला, "जवाईबुवा, काय जिद्द लावली ही!" साडू म्हणाले, "जिद्द नाई, तपासनी हाय." जावई त्या घरातून उपाशी कधी उठला नव्हता. साडू उठले, उपाशीच झोपले. सकाळी ओसरीच्या कडेला धुतलेल्या रुमालात बांधलेली डबी ठेवलेली होती.

एसटीत ती मांडीवर धरून साडू माझ्याबरोबर अमरावतीला आले. लॅबमधल्या मुलीने झाकण उघडलं आणि बुचकळ्यात पडली. "काका, याला गुलाबाच्या अत्तराचा वास कसा? अन् फिनाईलचाही?" जावयाच्या हातात जायची वस्तू म्हणून सासूबाईंनी डबी फिनाईलने धुतली होती, वरून अत्तर शिंपडलं होतं. जंतू असते तरी मेले असते. नमुना वाया गेला.

मी म्हटलं, आता राहू द्या. साडूंनी दुसरी कोरी डबी खिशात टाकली आणि मला ओढत परत अंजनगावला नेलं. पुन्हा ताट, पुन्हा तेच. या वेळी दाराआडून रडवेला आवाज आला, "तुमच्या हातात तसंच कसं देऊ, जवाईबुवा? वास येते ना."

"येऊ द्या वास, मामीजी," साडू म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "तुमी राह्यल्या पायजे."

दुसऱ्या नमुन्यात अमिबा सापडला. डॉक्टरांनी त्याच्यावरचं नेमकं औषध दिलं, आणि बांगड्या हळूहळू मनगटावर थांबू लागल्या. पुढे साडू केव्हाही जेवायला बसले, की सासूबाई दाराआडून म्हणत, "जेवा आता, डबी देल्ली." घरभर हशा पिकायचा. सगळ्यांत उशिरापर्यंत त्याच हसत.

पुढे त्या बऱ्याच म्हाताऱ्या होऊन, झोपेत गेल्या. आम्ही आजही अंजनगावला जातो. मेहुण्याची बायको आग्रहाने वाढते. ताट समोर आलं, की साडू लगेच हात लावत नाहीत. दाराकडे पाहत क्षणभर थांबतात. मीही थांबतो.