मारणारीचा शब्द

विमल गेल्याचं तिच्या सुनेनं चांदवडहून फोन करून सांगितलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "मावशी, आई सकाळी गेल्या," एवढं बोलून ती थांबली. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि उरलेले कपडेही वाळत घातले.

गंगापूर रोडजवळच्या आमच्या कॉलनीमागे एक मोकळा प्लॉट आहे. साठीच्या आसपासच्या सहा बायका तिथं संध्याकाळी लगोरी खेळायच्या. विमलनंच त्या जमवलेल्या. ती मूळची निफाडकडची, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली. माझे यजमान गेल्यानंतर मी दिवसदिवस दार उघडत नसे, तेव्हा एकदा ती बेल वाजवत उभीच राहिली. "सहा हायेत. तू सातवी," म्हणाली. मला पळता येत नाही, म्हटलं. "मग कच्चा लिंबू हो." म्हणजे दोन्ही बाजूंनी खेळायचं, आणि चेंडू लागला तरी बाद व्हायचं नाही. लहान मुलांना देतात ती सवलत मला बासष्टाव्या वर्षी मिळाली.

नियम सगळे विमलचे. चेंडू चिंध्यांचा, कमरेच्या वर मारायचा नाही. जिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिच्या वतीनं दुसरीनं पळायचं. आणि वाद झालाच, तर मारणारीचा शब्द शेवटचा. "ती खोटं बोलली तर?" मी विचारलं होतं. "बोलू दे. तिचं तिला ठाऊक." पुढे कॉलनीत आठवी बाई राहायला आली. त्याच संध्याकाळी विमलनं माझ्या पोटरीवर चेंडू मारला आणि "बाद" म्हणाली. मी तर लिंबू, असं मी सांगायला गेले. "आजपासून नाय." मी कडेला जाऊन बसले. कितीतरी महिन्यांनी मला कुणीतरी मोजलं होतं.

आमच्या शेवटच्या डावात समोरच्या बाजूची विमल लगोरीवर वरचा दगड ठेवत होती. तेवढा ठेवला की त्या जिंकणार. मी नेम धरून चेंडू मारला, तो तिच्या खांद्याला लागला. बाकीच्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "पायाला लागला," मी म्हणाले. विमलनं एकदाच माझ्याकडे पाहिलं, दगड खाली ठेवला आणि धापा टाकत बाजूला झाली. तिच्या हृदयाचा आजार बळावलाय हे आम्हाला माहीत नव्हतं. चार दिवसांत मुलगा येऊन तिला चांदवडला घेऊन गेला. फोन करावा असं रोज वाटायचं. पण खोटं बोलले, हे फोनवर कसं सांगायचं... दोन महिने तसेच गेले.

दहाव्याला गेले तेव्हा सुनेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईंनी सांगितलं होतं आम्हाला. हसत होत्या. म्हणाल्या, 'नवरा गेल्यापासून तिला काहीच नको होतं. त्या दिवशी तिला जिंकायचं होतं. मला लय बरं वाटलं.'"

प्लॉटवर आता कुणी जमत नाही. दोघी मुलांकडे गेल्या, बाकीच्यांना वेळ होत नाही. विमलनं मला आग्रहानं कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले होते. साडेपाच वाजले की मी ते घालते, नाड्या बांधते, आणि दार उघडं ठेवून पायरीवर बसते. दिवे लागले की काढून ठेवते.