रोशनीच्या नावावरचं पुस्तक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच जीभ रेटतेय का?

मी भिलाईत शिक्षिका होते. वैशाली नगरातून स्कूटीवर शाळेत जायचे. शाळेत हिंदी, घरी मराठी. वडील गोंदियाकडून पोलादाच्या प्लांटमधल्या नोकरीसाठी इकडे आलेले. मी गणित शिकवायचे आणि वरून लायब्ररीचा चार्ज माझ्याकडे. चार्ज म्हणजे काय? किल्ली. वर्गाशेजारच्या खोलीतल्या दोन काचेच्या कपाटांची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. लायब्ररीच्या पिरियडला मी गणितं सोडवून घ्यायचे. पुस्तकं दिली की फाटणार, हरवणार, मग जाब मला विचारणार — असं सांगायचे. खरं तर मला उठायचा कंटाळा होता.

सातवीत रोशनी नावाची मुलगी होती. तिचे बाबा प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. कपाटात लोखंड कसं तयार होतं याचं एक चित्रांचं पुस्तक होतं, काचेतून दिसायचं. मधल्या सुट्टीत ती तिथं उभी राहायची. मी मराठी आहे हे कळल्यापासून माझ्याशी मराठीतच बोलायची, हळू आवाजात.

"मॅडम, ते द्या न. बाबा अंदर काय करते, मले पाहाचं आहे."

"उद्या," मी म्हणायचे. असे किती उद्या गेले!

मग तपासणीची बातमी आली. पुस्तकं दिल्या-घेतल्याचं रजिस्टर कोरं होतं. एका दुपारी बसून, पेनं बदलून बदलून, मी वर्षभराच्या नोंदी मनानेच लिहून काढल्या. लोखंडाच्या पुस्तकाची पाळी आली तेव्हा रोशनीचंच नाव सुचलं. कावून? तिनं मागितलं होतं म्हणून — दुसरं काय. परत केल्याची तारीख मात्र टाकायची राहिली.

तपासणीच्या साहेबांची नजर नेमकी तिथं गेली. वर्गात येऊन त्यांनी रोशनीला उभं केलं.

"बेटा, ये किताब कैसी लगी?"

"सर, मुझे तो मिली ही नहीं."

ती माझ्याकडे बघत होती. तक्रार नव्हती त्या नजरेत. मॅडम सांगतील ना, असा भरवसा होता. आणि मी —

"झूठ बोल रही है, सर. घर ले गई, खो दी होगी. तीन बार माँग चुकी हूँ."

तीन बार! कुठून सुचलं मला ते?

साहेब चहाला गेले. मी पहिलं काम काय केलं? ते पुस्तक कपाटातून काढलं आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली दडपलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली. पोरीचे डोळे सुजलेले.

"सारं घर धुंडलं जी मॅडम, पुस्तक भेटलं नाही," आई म्हणाली. "इच्या बाबानं मारलं, तवा कबूल झाली. सांग व मॅडमले."

"हो मॅडम," रोशनी म्हणाली. "मीच हारवलं."

तेव्हा तरी? खोलीत आम्ही तिघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले, सांगू? "ठीक आहे. पण यापुढे खोटं बोलू नको."

आईनं तिला माझ्या पाया पडायला लावलं. मी पाय मागे घेतले नाहीत.

वर्षभरानं नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी कपाटांची कुलपं काढायला लावली, खोलीत सतरंजी टाकली. मुलं लोळून वाचू लागली. जी मुलं कधी तोंड उघडत नव्हती तीसुद्धा पुस्तक घेऊन माझ्याकडे यायची — मॅडम, हे असं का, ते तसं का? तेवढ्यासाठी माझं कौतुकही झालं, आणि मी ते घेतलं. रोशनी त्या खोलीत कधी आली नाही. मैत्रिणींनी ओढलं तर म्हणायची, "मुझे पढ़ना पसंद नहीं."

दहावीपर्यंत ती आमच्याच शाळेत होती. सकाळी मी वर्गात शिरले की सगळी मुलं उठून म्हणायची, "गुड मॉर्निंग मॅडम." त्यात तिचाही आवाज असायचा.

मी म्हणायचे, "बैठो."

ती बसायची.