ट्रकची तहान

माझ्या आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा त्यातले ट्रक कडबा खात होते.

सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी आणि माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला माझा दोस्त, आम्ही दोघांनी प्रोजेक्ट म्हणून साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची उसाच्या वाहनांची रांग संगणकात उभी करायचं ठरवलं. संगणक होता मुंबईत. पंचकार्डांचा गठ्ठा एसटीनं पाठवायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं. प्रोग्रॅम धड चालला नाही तर वर्ष गेलंच म्हणून समजा.

युक्ती तशी सोपी होती. 'वाहन' हा मूळ प्रकार, म्हणजे बाप. बैलगाडी आणि ट्रक ही त्याची लेकरं. बापाचं सगळं लेकरांना वारशानं मिळतं. म्हणून 'वाहन' मागणाऱ्या प्रोसिजरच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याच्या, हाती बैलगाडी द्या नाहीतर ट्रक, ती कुरकुर करत नाही. दोस्तानं चारा-पाणी बापाच्याच नावावर टाकलं. त्याच्या घरी वाड्यावर आलेल्या जितराबाला आधी चारा-पाणी, मग बाकीचं. मलाही त्यात वावगं दिसलं नाही. छापून आलेल्या कागदावर प्रत्येक ट्रक निवांत चरत होता आणि मागं रांग वाढतच होती. आम्ही हसून हसून बेजार झालो, मग घाबरलो. परीक्षेआधी गठ्ठा पाठवायची एकच खेप उरली होती.

चारा-पाणी उचलून बैलगाडीला दिलं. गठ्ठा पाठवण्याआधी मनाच्या समाधानासाठी कडेगावकडच्या एका कारखान्यावर चक्कर मारली. हौदावर बैल पाणी पीत होते. त्यांच्यामधून एक ट्रकवाला आला, त्यानं हौदात बादली बुडवली आणि रेडिएटरमध्ये ओतली.

दोस्त बघतच राहिला. "गड्या, ह्यो बी पितोय की रं."

"पितोय खरा. पर कडबा न्हाई खात."

चारा बैलगाडीकडंच राहिला, पाणी पुन्हा बापाकडं गेलं. दुसऱ्या खेपेच्या कागदावर रांग झकास सरकत होती. इतका आनंद मला पुढं पहिल्या पगारालाही झाला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या सरांनी त्या कागदावर बोट ठेवलं. "ही पाणी पाजायची प्रोसिजर. हिला तुम्ही ट्रक दिलाय?"

मी घाईघाईनं कागद चाळायला लागलो. दोस्त मात्र शांत होता.

"आवं सर, त्याला तहान लागली हुती."

सर हसायला लागले. "माझी जीपही काल घाटात दोनदा प्यायली," म्हणाले आणि मार्क लिहायला पेन उघडलं.