पंक्चरच्या घमेल्यात बुडवलेला दिवा

लातूरच्या डाळमिलमध्ये माझं काम पाकिटं बंद करायचं. अर्ध्या किलोचं पाकीट भरून आलं की त्याचं तोंड गरम पट्टीत दाबायचं, झालं सील. दिवसभर तेच. म्हणून सायकलच्या मागच्या लाल दिव्यात पावसाचं पाणी शिरून तो बंद पडला, तेव्हा मला दुसरा उपाय सुचलाच नाही. नवा दिवा आणला, डाळीच्या रिकाम्या पारदर्शक पाकिटात घातला आणि तोंड सील करून टाकलं. बटण वरूनच दाबता येत होतं. आता पूर आला तरी थेंब आत जाणार नाही, अशी माझी खात्री. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला स्वतःच्या डोक्यानं असं काही जमलं की जरा जास्तच बरं वाटतं.

चार दिवसांनी, पहाटे साडेपाचला भर पावसात, एमआयडीसीच्या रस्त्यावर माझ्या मागं करकचून ब्रेक लागले. मी घाबरून सायकलसकट कडेच्या चिखलात. मागं आमच्याच मिलला तूर आणणारा ट्रक उभा. त्याच्या ड्रायव्हरला सगळे मामू म्हणतात. मामूंनी मला उठवलं, लागलं का विचारलं, आणि मिलवर जाऊन थेट सुपरवायझर साहेबांना सांगितलं.

साहेबांनी बोलावलं. "सोमवारपासून दुपारच्या पाळीला ये. अंधारात सायकल न्हाई पाहिजे. तुला काही झालं तर मी काय सांगू तुझ्या घरी?"

बोलले ते काळजीनंच. पण दुपारची पाळी म्हणजे दोन ते दहा. माझी मुलगी दुसरीत, शाळेतून पाचला येते. नवरा हैदराबादला बांधकामावर, आमचं गाव पार नायगावच्या पुढं. सकाळी घरमालकीण काकू तिची वेणी घालून तिला शाळेत धाडतात, हेच त्यांचे उपकार लई झाले. संध्याकाळीही सांभाळा, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? सहाच्या आधी त्या रस्त्याला रिक्षा मिळत नाही. सायकल बंद म्हणजे सकाळची पाळी बंद, आणि सकाळची पाळी बंद म्हणजे मुलीला घेऊन गावी परत. ते मला करायचं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मामूंना गाठलं. "मामू, काय गरज होती सांगायची? दिवा होता की माझ्या सायकलीला."

"कुठं होता? मला तर काहीच दिसलं न्हाई."

"पेटत होता!"

"तुला काय माहीत? तू काय मागं तोंड करून सायकल चालवतीस का?" ते हसले. मग म्हणाले, "उद्या जरा लवकर ये, बेटा. तू माझ्या सीटवर बस, मी तुझी सायकल चालवतो. बघ, आन् मग भांड माझ्याशी."

दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच. मामू माझ्या लेडीज सायकलीवर बसले, गुडघे दोन्हीकडं बाहेर. मी ट्रकच्या केबिनमध्ये. इतक्या उंचावर मी कधी बसले नव्हते. वायपर चालू होता. मामूंनी दहा-पंधरा पायडल मारले आणि ते नाहीसेच झाले. एवढा थोरला माणूस! समोर नुसतं पाणी आणि काळोख. लाल म्हणून काहीतरी पुसट होतं, तेही मला ठाऊक होतं म्हणून. रोज मी अशी जात होते.

परत येऊन मामूंनी ते पाकीट माझ्या हातात दिलं. बाहेरचा थेंब खरंच आत गेला नव्हता. पण पावसाळ्याची दमट हवा आणि डाळीची पूड मीच आत कोंडली होती. दोन्हीचा मिळून आतून पांढरट लेप बसला होता. मी काही भांडले नाही.

संध्याकाळी सायकलच्या दुकानात गेले. दुकानदारानं दिव्यांची रांगच मांडली. "सगळे वॉटरप्रूफ हायत, ताई."

"बुडवून बघू?"

"दिवे हायत ताई, भजी न्हाईत."

"पंक्चर शोधताना ट्यूब घमेल्यात बुडवता ना? तसंच. बुडबुडे आले तर मी घेणार न्हाई."

"आन् बिघडला तर?"

"तर मग तो वॉटरप्रूफ नव्हता."

पंक्चर काढायला थांबलेले एक आजोबा फसकन हसले. म्हणाले, "बुडव रे बाबा, बाई सोडणार न्हाई तुला."

पहिल्या दिव्याच्या बटणातून बुडबुडे आले. दुसऱ्याच्या चार्जिंगच्या भोकातून. तिसरा लहानच होता, पण चार्जिंगच्या भोकावर जाड रबराचं झाकण, घट्ट बसणारं. तो पाण्याखाली धरून मी शंभरपर्यंत मोजलं. शाळेत असताना उजळणी इतकं मन लावून कधी म्हटली नव्हती. एक बुडबुडा आला नाही. पाण्यातच बटण दाबलं, तर घमेलं लालभडक.

मामूंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दिवा सीटखाली नको, रेनकोटचं टोक त्यावर येतं; कॅरियरच्या मागं लाव. आणि लुकलुकता ठेवू नको. "लुकलुकून राहिला की किती लांब हाय ते कळंना. एकसारखा पेटू दे."

शुक्रवारी पाळी सुरू व्हायच्या आधी मी साहेबांपुढं उभी राहिले. "साहेब, एकदा मामूंच्या केबिनमध्ये बसून बघा. मग म्हणाल तसं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाहेरच्या पावसाकडं. छत्री घेऊन निघाले.

या वेळी सायकलीवर मी होते. फाटकापासून वळणापर्यंत गेले. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही. परत आले तेव्हा साहेब केबिनमधून उतरत होते.

"वळणापर्यंत दिसत होतीस," ते म्हणाले. "सोमवारी सहाला ये. पाऊस लईच झाला तर थांबून ये, उशीर मांडणार न्हाई."

मामू हसले. माझी तक्रार करणाऱ्या माणसाचे मी अजून आभार मानते.

त्या दिवशी दोनला सुटून घरी आले. पाचला मुलगी आली, दप्तर टाकलं आणि भूक लागली म्हणाली. मी तव्यावर भाकरी टाकली.