सुनंदाच्या माहेरचं पाणी

सुनंदा गेली त्या सकाळी वडूजजवळच्या तिच्या माहेरी फोन मीच केला. तिचा धाकटा भाऊ संपत "बरं" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. सवाष्णीला माहेरची साडी नेसवल्याशिवाय न्यायचं नाही, म्हणून आमच्या सांगलीच्या घरात बायका खोळंबलेल्या. माझ्या वहिनींनी हळूच विचारलं, "येतील ना हो ते?" मी काय सांगणार... कित्येक वर्षांत तो या घराची पायरी चढला नव्हता.

माझी बायको विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ. पाण्यात, मातीत, भाजीत शिसं, आर्सेनिक, जस्त अगदी लेशमात्र असतं, ते मोजायचं तिचं काम. प्रयोगशाळेतलं तिचं सोवळं माझ्या आईपेक्षा कडक होतं. एकदा उन्हाळ्यात मी डबा द्यायला गेलो, तर दारातच अडवलं. "घामोळ्याची पावडर लावून आलात? त्यात जस्त असतं. बाहेरच थांबा." डबा आत गेला, नवरा बाहेर. रविवारच्या पुरवणीत ती विज्ञानावर लिहायची आणि पहिला वाचक मी, मराठीचा मास्तर. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल, हे तिचं माझ्याविषयीचं मत. मला त्याचा अभिमानच होता.

त्या लिहिण्यानंच घात केला. कोरडवाहू मुलखात तिच्या वडिलांनी, आबांनी, बोअर पाडली, पाणी लागलं, तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते. सुनंदानं ते पाणी सहज तपासलं, तर आर्सेनिक जास्त निघालं. पुन्हा आणून तपासलं, तेच. खडकातूनच उतरत होतं, दोष कुणाचाच नव्हता. आजूबाजूची घरंही तेच पीत होती, म्हणून तिनं गावाचं नाव न घेता लेख लिहिला. गावानं ओळखायचं ते ओळखलंच. फौजेतून निवृत्त झालेला संपत आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आक्का, आबांच्या पान्याला इख म्हनलीस. ते बी पेपरात."

"पिऊ नका म्हटलं रे. पोरं पितात ते पाणी."

"मला आदी इचारायचं तरी व्हतं."

तो गेला. पुढं दर भाऊबीजेला ती पाट मांडायची, रात्री स्वतःच उचलून ठेवायची. मला ते बघवत नसे.

सुनंदा गेली त्या दिवशी दुपार कलताना संपत आला. हिरवी साडी वहिनींच्या हाती दिली आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. सगळं आटोपून आम्ही परतलो, तेव्हा माझ्याशेजारी बसून म्हणाला, "दाजी, आक्कानं लिवलं त्याच आठवड्यात मी बोअरला कुलूप घातलं. प्यायाला टँकर आनला, मग नळ आला. कुनीबी ते पानी प्यालं न्हाई."

"तिला का नाही सांगितलंस?"

"राग उतरला की सांगू म्हनलं... ऱ्हाऊनच गेलं."

शेवटच्या आजारात सुनंदा मला सारखी विचारायची, "पोरं अजून तेच पाणी पीत असतील का हो?" तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणायचो, "नसतील गं." त्यावर ती डोळे मिटून म्हणायची, "तपासल्याशिवाय कसं म्हणता?"

आता मला नक्की माहीत आहे. स्वयंपाकघरातून पाणी आणायला उठलो की ते तिला सांगायला तोंड उघडतो, आणि मग तसाच उभा राहतो.